सात नंबरची कुंडी

रविवारी अकराला ताई येणार होती. वहिनी सकाळी आठपासून मक्याची पानं ओल्या फडक्याने पुसत होती.

बारा कुंड्या, प्रत्येकीत तीन रोपं. दीड महिन्यापासून त्या जेवणाच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब बाकावर मांडलेल्या होत्या. त्या खोलीत जेवणं बंद झाल्यालाही तेवढेच दिवस झाले होते. टेबलावरची वाफ डावीकडच्या रोपांना जास्त मिळते, अशी हरकत बापूने पहिल्याच आठवड्यात घेतली होती. तेव्हापासून सगळं घर स्वयंपाकघरात उभ्याने जेवत होतं. आप्पा तेवढे स्टुलावर बसत.

हे सगळं आप्पांनीच सुरू केलं होतं. वय वर्षं एक्याऐंशी, खतांचा कारखाना पन्नास वर्षं चालवलेला, आणि आता कोणाच्या ताब्यात द्यायचा याचा निर्णय होत नव्हता. कारखान्याचं काम म्हणजे सुपर फॉस्फेटमध्ये आणखी एखादा क्षार मिसळून दाणे करायचे आणि पोत्यात भरायचे. कुठला क्षार मिसळायचा यावर घरात तीन मुलांची चार मतं होती. "मग मुळांनाच विचारू," आप्पा म्हणाले होते. "ज्याच्या मिश्रणातलं फॉस्फरस रोपांना सगळ्यांत जास्त लागेल, त्याने माझ्या खुर्चीवर बसायचं."

थोरला, म्हणजे दादा, कारखान्याचा व्यवस्थापक. त्याने खडूची भुकटी दिली. खडूने दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, पोतं ओतलं की सळसळत बाहेर येतं, हे तो वीस वर्षं सांगत आला होता. ताईने शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतून, शिक्का मारलेल्या पाकिटात, अमोनियम सल्फेट पाठवलं. विक्री सांभाळणाऱ्या बापूने साधं जेवणातलं मीठ दिलं. मिठाशिवाय कशाला चव नाही, हा त्याचा एकमेव शास्त्रीय आधार होता. चौथ्या मिश्रणात काहीच घालायचं नव्हतं. ते आप्पांचं.

कुठल्या नंबरात काय आहे ते फक्त बापूच्या बायकोला ठाऊक होतं. ती कारखान्याची केमिस्ट होती आणि घरात तिला सगळे धाकटी म्हणत. लग्नाला सहा वर्षं झाली तरी तिच्या चहात साखर किती लागते हे कोणी विचारलं नव्हतं. या दीड महिन्यात तिघांनी विचारलं, आणि तिघांनी आणून दिलेला चहा तिला रोज तीन वेळा प्यावा लागला.

"अहो, सात नंबर बघा तरी," वहिनी म्हणाली. "काय रंग आलाय. देठापासून टोकापर्यंत जांभळी झाक. असं पान मी आजवर बघितलं नाही."

दादा दारात उभा होता. त्याने सात नंबरकडे पाहिलं नाही. "तू पुसत बसू नकोस," तो म्हणाला. "राहू दे."

वहिनीला वाटलं, नजर लागेल म्हणून म्हणतायत. नवरा इतका बेचैन तिने लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. तिने मनोमन सात नंबर आपला धरला आणि त्याची पानं आणखी एकदा पुसली. शेजारच्या बाईला तिने दोन दिवसांपूर्वीच सांगून टाकलं होतं, की आमच्याकडे एका कुंडीला राजघराण्यासारखा रंग आलाय.

*

ताई बरोबर अकराला आली. हातात पिशवी नव्हती, खाऊ नव्हता. ती चप्पल काढून आत आली तेव्हा बापू पुढे झाला.

"ये ताई. बस. म्हणजे, बसायची सोय नाही, खुर्च्या गॅलरीत नेल्यात. सावली पडते त्यांची."

"कशावर?"

"नऊ नंबरवर."

ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग कुंड्यांकडे. या खोलीत ती अकरा वर्षांत चार वेळा आली असेल, तीही कोणाच्या आजारपणात. त्याआधी ती कारखान्याची केमिस्ट होती. दादाने खडूचं प्रमाण दुप्पट केलं त्या वर्षी तिने लेखी कळवलं होतं, की खडूतलं कॅल्शियम फॉस्फरसला धरून बसेल, ते पाण्यात विरघळणार नाही, मुळांशेजारी पडून राहील आणि मुळं उपाशी राहतील. दादाने कागद बाजूला ठेवला. हंगामात तक्रारींची रांग लागली, झाडं खुजी राहिली, आणि घरात बैठक झाली. त्याच वर्षी ताईच्या आग्रहावरून काही पोत्यांत थोडं अमोनियम सल्फेट घातलं होतं. दोष त्यालाच, असं दादा म्हणाला. आप्पांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ताईने राजीनामा दिला आणि तो आप्पांनी वाचून घडी घालून खिशात ठेवला.

आता ती बाकाजवळ गेली. एकेक कुंडी पाहत पुढे सरकली. एक, दोन आणि तीन नंबरच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. चार नंबरची रोपं सगळ्यांपेक्षा वीतभर उंच आणि गर्द हिरवी. सातसमोर ती थांबली. वाकून तिने खालचं पान बोटांत धरलं.

"सुंदर आहे ना?" वहिनी मागून म्हणाली.

"हा उपाशीपणाचा रंग आहे वहिनी," ताई म्हणाली. "मक्याला फॉस्फरस मिळालं नाही की पान जांभळं पडतं."

वहिनीचा हात फडक्यावरच राहिला. तिला पहिल्यांदा आठवली ती शेजारची बाई.

ताई सरळ झाली. तिला आनंद व्हायला हवा होता. खडूची कुंडी तिच्या डोळ्यांसमोर उभी होती आणि तिने अकरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं तस्संच ती कुंडी बोलत होती. पण एका गोष्टीने ती अडली. प्रत्येक मिश्रणाच्या तीन कुंड्या होत्या. मग जांभळी एकच कशी? खडूच्या बाकीच्या दोन कुठे गेल्या?

*

आप्पा स्टूल घेऊन आले आणि बाकाच्या टोकाला बसले. धाकटी फाइल घेऊन उभी राहिली. तिचा घसा कोरडा पडला होता, पण आता चहा मागायची तिची हिंमत नव्हती. मागितला असता तर तीन आले असते.

"सुरुवात करण्याआधी," बापू म्हणाला, "एक नोंद करून घ्या. एक, दोन, तीन या कुंड्या माझ्या आहेत आणि त्यांना ऊन जास्त लागलंय. त्याचे गुण मिळाले पाहिजेत."

"त्या तुझ्या आहेत हे तुला कोणी सांगितलं?" धाकटीने विचारलं.

"तू. म्हणजे बोलली नाहीस. पण त्यांच्यासमोर आलीस की तुझ्या कपाळाला आठी पडायची. माझ्या नावाला पडते तशीच."

"आणि म्हणून तू काय केलंस?"

"थोडं मीठ वाढवलं. रोज चमचाभर."

"रोज?"

"रविवार सोडून."

दादा हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं. "निकाल सांग," तो म्हणाला. "उगाच लांबवू नकोस."

धाकटीने फाइल उघडली, मग पुन्हा मिटली. गेले दोन आठवडे ती या क्षणाची तालीम करत होती, आणि तालमीत तिचा आवाज इतका बारीक निघत नव्हता.

"या बारा कुंड्यांमध्ये फरक काहीच नव्हता," ती म्हणाली. "सगळ्यांत एकच माती, एकच खत. नुसतं सुपर फॉस्फेट. कुठलाही क्षार मी यात घातलेला नाही."

बापूने आपल्या तीन कुंड्यांकडे पाहिलं. घरात नात्यातली म्हणून राहिलेली बाई परकीच निघावी, तसं त्याचं तोंड झालं.

"खरा प्रयोग कारखान्यात झाला," धाकटी पुढे म्हणाली. "माझ्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत, कुलपात. खऱ्या कुंड्या इथे ठेवल्या तर कोणी ना कोणी हात लावणार, हे मला माहीत होतं. सहा वर्षं या घरात राहतेय मी."

"म्हणजे आम्ही दीड महिना उभ्याने जेवतोय," वहिनी सावकाश म्हणाली, "ते कशासाठी?"

"त्याबद्दल मला वाईट वाटतं वहिनी. पण नियम बापूने केला होता."

"खऱ्या प्रयोगात काय झालं ते सांग," ताई म्हणाली.

धाकटीने वाचलं. अमोनियम सल्फेटच्या कुंड्यांत पानांतलं फॉस्फरस सगळ्यांत जास्त. अमोनियम घेताना मुळं आपल्याभोवतीची माती थोडी आम्ल करतात, त्यामुळे फॉस्फरस विरघळलेलं राहतं आणि मुळांच्या हाती लागतं. नुसतं सुपर फॉस्फेट त्याच्या खालोखाल. मिठाने फॉस्फरसमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, पण रोपं तहानेने कोमेजली. खडूच्या तिन्ही कुंड्या शेवटी, तिन्ही जांभळ्या.

"अमोनियमने नायट्रोजन पण मिळतं," दादा म्हणाला. त्याचा आवाज कागद वाचल्यासारखा होता. "त्यानेच वाढली असतील."

"नायट्रोजन सगळ्या कुंड्यांना सारखंच दिलंय. बाकीच्यांना नायट्रेटमधून. ती पळवाट मी आधीच बंद केली होती दादा."

आप्पा इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आता त्यांनी काठी उचलली आणि बाकाकडे रोखली. "तिकडचं कळलं," ते म्हणाले. "इथलं सांग. इथे सगळ्या सारख्याच होत्या ना? मग सात नंबर जांभळा का?"

*

धाकटीला याचं उत्तर माहीत नव्हतं. मिठाचं तिला कळलं होतं, कारण तिसऱ्या आठवड्यात मिठाचा डबा दोनदा रिकामा झाला होता. सात नंबरचं कोडं तिला सुटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सोडवायची भीती वाटत होती.

ताईने स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली आणली. सात नंबरच्या मातीवर चमचाभर ओतलं. माती फसफसली. फेस आला, लहान लहान बुडबुडे फुटले, आणि तो बारीक आवाज सगळ्यांनी ऐकला, कारण दुसरा आवाजच नव्हता. तिने सहा नंबरमध्ये ओतलं. काही झालं नाही. आठमध्येही नाही.

"खडू आहे," ताई म्हणाली. "बराच. खुरप्याने खोलवर मिसळलाय."

"मी नाही," बापू म्हणाला. "माझं फक्त मीठ."

वहिनी दादाकडे पाहत होती. दर मंगळवारी पहाटे हा माणूस उठून जेवणाच्या खोलीत जायचा. रोपांना पाणी घालतो, म्हणायचा, आणि परत आला की हात साबणाने दोनदा धुवायचा. तिला त्याचं कौतुक वाटलं होतं. इतक्या वर्षांत याला कशाची तरी माया लागली, असं वाटलं होतं.

"अहो," ती म्हणाली.

दादाने बाकाची कड धरली. कोणी काही विचारायच्या आत तो बोलला.

"मीच घातलाय. मला वाटलं ती कुंडी ताईची आहे."

"कशावरून?" धाकटीने विचारलं.

"तुझ्या वहीत होतं. टेबलावर उघडी पडली होती. 'ता. सात' असं लिहिलेलं."

धाकटीने डोळे मिटले. "ती तारीख होती दादा. सात तारखेला सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं होतं."

बापूला हसू आलं आणि ते त्याने खोकल्यात घालवलं. पण ताई हसली नाही. ती दादाकडे बघत राहिली आणि तिला हळूहळू कळत गेलं, की त्याने आत्ता काय कबूल केलं.

"तुला माझी रोपं मारायची होती," ती म्हणाली.

"मारायची नव्हती. मागे पाडायची."

"आणि त्यासाठी तू खडू निवडलास."

दादाने बाकावर सांडलेली माती बोटाने गोळा केली.

"म्हणजे खडूने काय होतं हे तुला माहीत होतं. कधीपासून?"

"पहिल्याच वर्षी कळलं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या महिन्यात. तुझा तो कागद काढून मी नीट वाचला. कपाटात होता." तो बाकाकडे बघून बोलत होता. "पुढच्या हंगामापासून मी भुकटी बंदच केली. पोत्यावर अजून छापतो, खडूयुक्त म्हणून. आत मूठभरसुद्धा नसते."

"वीस वर्षं तू लोकांना खडूचे फायदे सांगतोयस," बापू म्हणाला. त्याला खरंच धक्का बसला होता. "मी सांगतोय, तुझ्या शब्दावर. दहा वर्षं मी नसलेला खडू विकतोय?"

"मग या वेळी खडू दिलास कशाला?" ताईने विचारलं. "हरणार हे माहीत असताना?"

"दुसरं काही दिलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं ना," दादा म्हणाला. वाक्य पूर्ण झाल्यावर त्यातला वेडेपणा त्याचा त्यालाच ऐकू आला असावा. तो मटकन खाली फरशीवर बसला, कारण खुर्च्या गॅलरीत होत्या.

वहिनी त्याच्याजवळ गेली नाही. तिने हातातलं फडकं चार घड्या करून बाकावर ठेवलं आणि ती ताईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या बाजूला उभी होती आणि हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

*

आप्पांना वाटलं, आता आपल्याला कोणी काही विचारणार नाही. पण ताई वळली आणि बाकाच्या या टोकाला आली.

"चार नंबरचं काय?" ती म्हणाली. "ही सगळ्यांत उंच आहे. हिच्यात कोणी काय घातलं?"

बापूने मान हलवली. धाकटीने खांदे उडवले. दादाने वरसुद्धा पाहिलं नाही.

आप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पन्नास वर्षं त्यांनी कामगारांच्या, गिऱ्हाइकांच्या, अधिकाऱ्यांच्या नजरेला नजर दिली होती. या मुलीच्या नजरेला मात्र त्यांनी अकरा वर्षं दिली नव्हती.

"चार नंबर माझ्या स्टुलाजवळ आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, माझीच असणार."

"मग?"

"मग मी तिला थोडं थोडं घालत होतो. दुपारी सगळे झोपले की."

"काय घालत होतात आप्पा?"

"अमोनियम सल्फेट."

दादाचं बोलणं ऐकताना तिला राग आला होता, आणि राग तिच्या ओळखीचा होता. हे तसं नव्हतं. ती बाकाच्या कडेला टेकली.

"नुसती उंची बघून काही सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "तुम्ही जास्तीचं नायट्रोजन दिलंत."

"सिद्ध करायला नव्हतं घातलं. जिंकायला घातलं होतं." आप्पा थांबले. "तुझं बरोबर होतं हे मला चौथ्या वर्षी कळलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने त्या वर्षीची उरलेली दोन्ही तऱ्हेची पोती शेजारी शेजारी वापरून बघितली होती. त्याने मला शेतात नेऊन दाखवलं. तुझ्या मिश्रणाच्या ओळी कमरेएवढ्या होत्या."

"आणि तुम्ही मला फोन केला नाहीत."

"रोज करणार होतो. एक दिवस गेला, मग दुसरा गेला. मग इतके दिवस झाले की कुठल्या तोंडाने करायचा, असं झालं. ही रोपांची टूम मी त्याचसाठी काढली. म्हटलं, रोपांनीच तुझं नाव घेतलं तर मला घ्यावं लागणार नाही."

"आणि मधेच तुम्ही स्वतःच्या कुंडीला माझं खत घालायला लागलात."

"हो," आप्पा म्हणाले. "शर्यत लागली की मला राहवत नाही."

यावर ताई हसली. हसणं तिच्या मनात नव्हतं, पण ते आलं आणि थांबेना. मग ती रडली, तेही थोडंच. वहिनीने तिला पाणी दिलं. धाकटीने संधी साधून तांब्यातलं उरलेलं स्वतः पिऊन टाकलं.

"खुर्ची तुझी," आप्पा म्हणाले. "नियम ठरलाय."

"मला नकोय. माझी नोकरी बरी आहे, तिथे पाण्याला नातेवाईक नसतात." तिने डोळे पुसले. "खुर्चीवर दादाच बसू दे. पण पोत्यात काय जाणार हे हिने ठरवायचं." तिने धाकटीच्या दंडाला हात लावला. "हिची सही नसेल तर एक पोतं फाटकाबाहेर जायचं नाही. खुद्द तुमचंसुद्धा."

आप्पांनी धाकटीकडे पाहिलं. सहा वर्षांत तिला त्यांनी एवढं नीट पाहिलं नसावं. "बरं," ते म्हणाले.

"आणि एक पत्र लिहायचं. त्या वर्षी ज्यांनी तक्रारी केल्या त्या सगळ्यांना."

बापूने गॅलरीतून खुर्च्या आत आणल्या. नऊ नंबरवर सावली पडली. कोणी हरकत घेतली नाही. जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला गेला आणि दादा लिहायला बसला. पहिल्या ओळीवरच गाडी अडली.

"'अनवधानाने खडूचं प्रमाण वाढल्यामुळे,'" त्याने वाचून दाखवलं.

"अनवधानाने नाही," ताई म्हणाली.

"'तांत्रिक कारणामुळे' घाल," बापू म्हणाला. "विक्रीच्या दृष्टीने बरं पडतं."

"तू गप्प बस," वहिनी म्हणाली. बापूला ती कधी असं बोलली नव्हती. "अहो, काय झालं होतं ते लिहा ना. एवढं काय अवघड आहे?"

दादाने ओळ खोडली. पेन कागदावर बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग त्याने लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. त्या वर्षी खतात खडू जास्त घातला गेला, तो मी घालायला लावला. आमच्या केमिस्टने आधी लेखी सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही. नंतर दोष तिच्यावर ढकलला. तुमची झाडं खुजी राहिली, त्यात तुमची आणि तुमच्या जमिनीची काही चूक नव्हती.

त्याने खाली सही केली आणि कागद आप्पांकडे सरकवला. आप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मालक म्हणून सही केली. शेवटचं अक्षर खालच्या रेघेवर उतरलं.

कारखान्याच्या पत्रावर तिसरी सही केमिस्टची असते. कागद फिरत धाकटीसमोर आला. तिने पेन उचललं, टोपण काढलं, आणि ते ताईसमोर धरलं.

"हे पत्र त्या वर्षीचं आहे ताई," ती म्हणाली. "त्या वर्षी मी नव्हते इथे. तुम्ही होतात."

ताईने पेन घेतलं. पाणीपुरवठ्याच्या कागदांवर ती रोज शंभर ठिकाणी सही करायची, पण ती आखूड होती, दोन अक्षरांची. इथे करायची ती जुनी, लांब सही हाताला आठवेपर्यंत थोडा वेळ गेला. सगळे थांबले. मग तिने सही केली, आणि त्याखाली हुद्दा पूर्ण लिहिला.